मोगऱ्याची पाठराखीण

आमच्या सांगली-मिरज भागात ‘बुरशी’ हा शब्द कुणी चांगल्या अर्थानं उच्चारत नाही. तासगाव-पलूसकडचा द्राक्षबागायतदार हा शब्द ऐकला की आधी आभाळाकडं बघतो आणि मग फवारणीच्या पंपाकडं. भुरी, डाऊनी, करपा या नावांनी त्याच्या कितीतरी रात्रींची झोप नेलेली असते. घरातली बाई बुरशी म्हटली की लोणच्याच्या बरणीत डोकावते. चाळिशी उलटेपर्यंत माझंही तसंच होतं. बुरशी म्हणजे नासाडी, एवढंच ठाऊक. तो समज एका मोगऱ्यानं बदलला. ती हकिगत आणि त्यामागचं शास्त्र, दोन्ही आज सांगणार आहे. मी शेतीतज्ज्ञ नाही. कविता लिहिणारा, मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस आहे. पण जे समजून घेतलं ते तज्ज्ञांकडून, आणि डोळ्यांनी बघून.

मिरजेतलं आमचं जुनं घर वाटणीत विकलं गेलं. २०११ साली आम्ही कुपवाडला राहायला आलो. जुन्या घराच्या अंगणात अम्मीनं लावलेला मोगरा होता, तीसएक वर्षांचा. एवढं मोठं झाड उपटून आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या फांद्यांची कलमं केली. स्वच्छ धुतलेल्या वाळूत ती रुजवली आणि नव्या घरापुढं लावली. आमचा प्लॉट माळावरचा. पायाचा खोदून काढलेला मुरूम अंगणातच पसरलेला आणि त्यावर कुठूनशा आणलेल्या भरावाच्या दोन ट्रॉल्या. त्या मातीत कलमं जगली, पण नुसती जगली. दोन वर्षं झाली, तीन झाली. एक कळी नाही.

अम्मीला मोगरा हवा होता तो काही गजऱ्यासाठी नव्हे. शब-ए-बरातच्या रात्री आमच्यात कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात. अब्बा गेल्यापासून तिनं कधी विकतचं फूल त्यांच्यासाठी नेलं नव्हतं. त्या वर्षांत शब-ए-बरात जून-मे महिन्यांकडं सरकत होती, म्हणजे ऐन मोगऱ्याच्या हंगामात. ती काही बोलायची नाही. सकाळी झाडाभोवती एक फेरी मारायची आणि आत जायची. ते न बोलणं मला जड जायचं.

मग मी उपाय सुरू केले. दुकानदारानं सांगितलं, फुलं हवीत तर स्फुरद द्या. डीएपीची पुडी आणली. दर महिन्याला मूठ-मूठ टाकली. झाड हिरवंगार झालं, पानं तळहाताएवढी झाली, पण कळीचा पत्ता नाही. मी दोन मुठी टाकल्या. आता पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडायला लागला.

माझे एक स्नेही आहेत, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘शायर’ म्हणतात. २०१४च्या पावसाळ्यात ते घरी आले. मोगऱ्याकडं बघून म्हणाले, “शायर, पानं बघून काय कळणार? मुळं बघू या.” खुरप्यानं बाजूची माती उकरून त्यांनी दोऱ्यासारखी चार बारीक मुळं काढून घेतली. मग कंपाउंडबाहेर पडून, शेजारच्या रिकाम्या रानाच्या बांधावरच्या हरळीचीही थोडी मुळं घेतली. दोन्ही वेगवेगळ्या कागदात बांधली आणि म्हणाले, “आता तुमची शाईची दौत द्या.” मला वाटलं थट्टा करताहेत. ते म्हणाले, “काळी शाई आणि व्हिनेगर. मुळातली बुरशी बघायची तर एवढं पुरतं.”

ही थट्टा नव्हती. मुळाच्या आतली बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मूळ आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ठेवून पारदर्शक करतात, मग रंग देतात. पूर्वी त्यासाठी वापरायची रसायनं महागडी आणि घातक होती. १९९८ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की फाउंटन पेनची साधी शाई आणि स्वयंपाकातलं व्हिनेगर यांनीही तेच काम उत्तम होतं. सरांनी ते त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत करून मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

आधी हरळीचं मूळ. काचेखाली पेशींच्या लांबट खोल्या ओळीनं मांडलेल्या, आणि कित्येक खोल्यांत शाईनं रंगलेलं एकेक इवलंसं झाड. खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या. मग मोगऱ्याचं मूळ. तशाच खोल्या, पण सगळ्या रिकाम्या. सर म्हणाले, “हे तुमच्या अडचणीचं एक कारण असू शकतं.”

त्या इवल्या झाडाला शास्त्रज्ञ ‘आर्बस्क्युल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच छोटं झाड. आणि मूळ व बुरशी यांच्या या एकत्र संसाराचं नाव मायकोरायझा. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे बुरशी आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ. मराठीत कुणी कवकमूल म्हणतात. हा शब्द १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं घडवला. प्रशियाच्या सरकारनं त्याला ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, ते बघायला सांगितलं होतं. अळंबीची लागवड राहिली बाजूला. झाडांच्या मुळांना वेढून राहिलेली बुरशी त्याला सगळीकडं दिसायला लागली. ही बुरशी झाडाला मारत नाही, उलट दाईसारखं पोसते, असं त्यानं लिहिलं तेव्हा पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. बुरशी म्हणजे रोग हे त्याही काळी पक्कं होतं.

आज आपल्याला ठाऊक आहे, की दर दहा वनस्पतींतल्या साधारण सात वनस्पती या छोट्या झाडाच्या बुरशीला मुळात जागा देतात. ज्वारी, मका, ऊस, कांदा, हळद, द्राक्ष, सोयाबीन, तूर, आंबा, झेंडू, गुलाब सगळे त्यात आले. स्कॉटलंडमध्ये रायनी नावाच्या गावाजवळ दगडात जपली गेलेली सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीची झाडं सापडली. त्या झाडांना धड मुळंही नव्हती, पण त्यांच्या पेशींत ही छोटी झाडं होती. म्हणजे वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या तेव्हापासूनची ही सोबत. काही शास्त्रज्ञ तर म्हणतात, या सोबतीशिवाय त्या जमिनीवर टिकल्याच नसत्या.

हा व्यवहार चालतो कसा? झाड उन्हात साखर बनवतं. त्यातला काही वाटा, शंभरातले चारपासून वीसपर्यंत, ते या बुरशीला देतं. साखरेबरोबर स्निग्ध पदार्थही देतं. ही बुरशी स्वतःची चरबी स्वतः बनवू शकत नाही, झाडाकडून घेते, हे २०१७ साली सिद्ध झालं. बदल्यात बुरशी मातीतून स्फुरद, जस्त, थोडं नत्र, थोडं पाणी आणून देते. देवाणघेवाण होते ती त्या छोट्या झाडाच्या फांद्यांवर. ते झाड काही दिवसच जगतं. मग पेशी त्याला विरघळवून टाकते आणि त्याच जागी नवं उगवू शकतं. २०११ साली एका आंतरराष्ट्रीय गटानं दाखवलं, की जी बुरशी जास्त स्फुरद देते तिला झाड जास्त साखर देतं, आणि बुरशीही चांगलं देणाऱ्या मुळालाच जास्त माल पोचवते. आमच्या बाजारपेठेत हळदीचे सौदे बघितलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता प्रश्न असा, की मूळ असताना बुरशी कशाला हवी? याचं उत्तर स्फुरदाच्या स्वभावात आहे. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतं. स्फुरद जागचा हलत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तो कॅल्शियमला घट्ट चिकटून बसतो. मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा ओरपतं आणि तो रिकामा झाला की तिथंच थांबतं. बुरशीचे तंतू माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. मूळ जिथं शिरू शकत नाही अशा मातीच्या फटींतून ते कित्येक सेंटिमीटर लांब जातात. चमचाभर चांगल्या मातीत त्यांची लांबी काही मीटर भरते. कांद्यासारख्या पिकाला तर मुळावरचे केसही फारसे नसतात. त्याचा सगळा भरवसा या बारीक दोऱ्यांवर.

मोगऱ्याकडं परत येतो. कलमं रुजवली धुतलेल्या वाळूत. लावली पाच-सहा फूट खोलीवरून निघालेल्या मुरमात. तिथं कधी कुठलं मूळ पोचलेलं नाही, तर मुळावर जगणारी बुरशी कुठून असणार? आणि माझं डीएपी? सरांनी हसून सांगितलं, “तुम्ही उरलासुरला दरवाजाही बंद केलात.”

त्याचा अर्थ पुढं वाचत गेल्यावर कळला. झाड उपाशी असलं, स्फुरद कमी पडला, की त्याची मुळं मातीत एक रसायन सोडतात. त्याचं नाव स्ट्रिगोलॅक्टोन. ही झाडाची हाक. ती ऐकून बुरशीचे तंतू फांद्या फोडत मुळाकडं येतात. २००५ साली जपानी संशोधकांनी हे उलगडलं. पण स्फुरद हाताशी भरपूर असला की झाड हाक मारणं थांबवतं. साखर खर्चून सोबती कशाला बोलवायचा? मी मुठीनं टाकलेल्या खतानं झाडाची हाकच बंद केली होती. शिवाय स्फुरद जास्त झाला की लोह आणि जस्त मिळायला अडचण होते. पानांच्या पिवळेपणामागं तेही असावं.

या हाकेची एक दुसरी बाजू आपल्या ज्वारीवाल्या शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. ज्वारीच्या रानात टारफुला उगवतो. दिसायला गोजिरं फूल, पण त्याची मुळं ज्वारीच्या मुळात घुसून तिचं रक्त पितात. टारफुल्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं की नेमकं तेव्हाच उगवतं. त्याला कळतं कसं? १९६६ साली कापसाच्या मुळातून स्ट्रिगोल नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते या बियांना उठवतं. स्ट्रिगा हे टारफुल्याचं शास्त्रीय नाव, त्यावरून ते नाव पडलं. झाड असलं भलतं द्रव्य का सोडत असावं, हे कोडं चाळीस वर्षं सुटलं नव्हतं. उत्तर असं, की झाड हाक मारतं सोबत्याला, आणि वाटेत चोरानंही ती ओळखायला शिकून घेतलं.

आता फुलांचं. फूल हे झाडाचं खर्चाचं काम आहे. ज्याची जेमतेम भागते ते झाड पानांवर भागवतं. नव्या कळीच्या पेशी भराभर वाढायला ऊर्जा लागते आणि त्या ऊर्जेच्या देवघेवीत स्फुरद लागतो. म्हणून तर आपला द्राक्षबागायतदार एप्रिल छाटणीनंतर काडीतल्या डोळ्यांत सूक्ष्म घड धरायच्या काळात स्फुरद देतो. तो घड डोळ्याला दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, पण त्याचं नशीब उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. द्राक्षवेलही या बुरशीवर बरीच विसंबून असते. बुरशीनं वेळेवर आणि थोडा-थोडा पोचवलेला स्फुरद, जस्त आणि पाणी कळीच्या कामी येतात. झाडातल्या संप्रेरकांतही या सोबतीनं फरक पडतो.

याचे प्रयोग आपल्याच देशात झाले आहेत. २००० साली दिल्लीच्या टेरी संस्थेतल्या संशोधकांनी कमी स्फुरदाच्या मातीत पिटुनिया, ॲस्टर आणि आपला तेरडा वाढवला. काही कुंड्यांना बुरशीचं विरजण दिलं, काहींना रासायनिक खत दिलं आणि वाढ व फुलोरा मोजला. २००५ साली इंग्लंडमध्ये झेंडूच्या दोन जाती आणि एक निळं रानफूल घेऊन वेगळा प्रश्न विचारला गेला: मुळात बुरशी असलेल्या झाडावर मधमाश्या जास्त येतात का? येतात, असं दिसलं. पण कारण प्रत्येक झाडात वेगळं होतं. एकीकडं फुलांची संख्या, दुसरीकडं फुलाचा आकार किंवा मधुरस. जमिनीखालचा सोबती वरच्या पाहुण्यांची संख्या ठरवतो, हे मला तरी फार मोठं वाटलं.

काही फुलांचं तर जन्मापासूनच बुरशीवाचून चालत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात जमिनीतून आमऱ्या, म्हणजे ऑर्किड उगवतात. आमरीचं बी धुळीच्या कणाएवढं. त्यात अंकुराला पुरेल एवढी शिदोरीच नसते. मातीतली विशिष्ट बुरशी त्या बीला येऊन भरवते तेव्हाच ते उगवतं. १८९९ साली नोएल बेर्नार या फ्रेंच तरुणानं हे प्रथम पाहिलं. पठारावरून आमरीचा कंद उपटून घरच्या कुंडीत लावणारा माणूस फूल आणतो, पण तिची दाई तिथंच ठेवून येतो. तिथलं फूल तिथंच बघावं याला नियमापलीकडचं हेही कारण आहे.

आमच्या मोगऱ्याचं पुढं काय केलं ते सांगतो. डीएपी बंद केलं. मिरजेचं जुनं घर ज्यांनी घेतलं त्यांना विचारून जुन्या मोगऱ्याच्या बुडातली, बारीक मुळांसकट दोन घमेली माती आणली. झाडाभोवती आळं उकरून, नव्या मुळांना लागेल अशी ती घातली. वर कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं आच्छादन. अम्मी बाजूला बसून बघत होती. म्हणाली, “नवी नवरी सासरी धाडली तर बरोबर पाठराखीण नको का? तू एकटीच धाडलीस.” मला जे समजायला सूक्ष्मदर्शक लागला ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

डिसेंबरात सरांच्या सांगण्यावरून पाणी तोडलं, जानेवारीत छाटणी केली. २०१५च्या उन्हाळ्यात चार-दोन कळ्या आल्या. २०१६ साली शब-ए-बरात मे महिन्यात आली. त्या दिवशी अम्मीनं ओच्यात मोगरा तोडून आणला.

इथं मला एक कबुली द्यायला हवी. मी एकाच वेळी चार गोष्टी केल्या. खत थांबवलं, जुनी माती घातली, शेणखत दिलं, पाणी तोडून छाटणी केली. मोगरा नुसत्या छाटणीनं आणि ताणानंही फुलतो, हे कुठलाही माळी सांगेल. तेव्हा सगळं श्रेय बुरशीला देणं खरं नव्हे. सरांनी हे बजावलं आणि वर म्हणाले, “खरंच बघायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला.”

म्हणून पुढच्या पावसाळ्यात मी झेंडूच्या दहा कुंड्या केल्या. दहाही कुंड्यांत तोच मुरूम, पत्र्यावर नीट भाजून घेतलेला. पाच कुंड्यांत बांधावरच्या हरळीखालची एकेक मूठ माती मुळांसकट घातली. उरलेल्या पाचांत तीच मूठ, पण भाजलेली. बी एक, पाणी एक, ऊन एक. जिवंत मातीतल्या चार कुंड्या बाकीच्यांच्या आधी कळीवर आल्या. पाचवीत मात्र काही फरक नव्हता. जिवंत मुठीतून बुरशीखेरीज इतर जीवजंतूही आले असणार, तेव्हा हा पुरावा नव्हे. पण भाजलेल्या आणि न भाजलेल्या मुठीतला फरक मी माझ्या अंगणात बघितला.

आता शेतकरी मित्रांसाठी थोडं. आपल्याकडं जुने लोक पेरणीआधी विचारत, “बेवड कशाचा?” म्हणजे आधीचं पीक कुठलं होतं. त्या विचारण्यात या बुरशीचाही हिशेब दडला आहे. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही एका कुळातली पिकं आणि पालक, बीट, राजगिरा ही दुसरी, यांच्या मुळात ही बुरशी सहसा राहत नाही. एका हंगामात कोबी, पुढं लगेच कांदा असं केलं, की कांद्याच्या वाट्याला रिकामी जमीन येऊ शकते. मधे मका, ज्वारी किंवा कडधान्य घेतलं तर सोबती पुन्हा वाढतो.

रान उघडं पडलं तरी तेच. १९९३ साली अमेरिकेत मिसिसिपीला महापूर आला. पूरबुडीत रानं तो हंगाम पिकाविना राहिली. पुढच्या वर्षी मका खुरटा आला, पानं जांभळी पडली. ही स्फुरदाच्या उपासमारीची खूण. माती तपासली तर स्फुरद होता. मग कळलं की मुळंच नसल्यानं बुरशी घटली होती. कोठारात धान्य, पण आणून द्यायला माणूस नाही, असा प्रकार. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णाकाठानं जे भोगलं ते आपण विसरलेलो नाही. पूर ओसरल्यावर रान नुसतं नांगरून उघडं ठेवण्यापेक्षा वाफसा येताच ताग, धैंचा, मका काहीतरी पेरावं, हा त्यातला धडा. ताग-धैंच्यानं सेंद्रिय खत तर मिळतंच, पण मुळं जमिनीत राहतात, हे जास्त मोलाचं.

बुरशीनाशकांचंही तसंच. द्राक्षाच्या पानावर फवारणी टळत नाही. पण गरज नसताना औषध बुडाशी ओतलं, तर कुठली बुरशी वैऱ्याची आणि कुठली घरची हे काही औषधांना कळत नाही. आणि बुरशी स्फुरद निर्माण करत नाही, फक्त आणून देते. जमिनीतच नसेल तर खत द्यावंच लागतं. माती तपासून द्यावं, एवढंच. टाकलेल्या स्फुरदातला पहिल्या हंगामात पिकाला मिळतो तो जेमतेम पाचवा हिस्सा. आणि डीएपीसाठीचा फॉस्फेटचा दगड व आम्ल आपण मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांकडून मोठ्या प्रमाणावर विकत आणतो.

बाजारात मायकोरायझाची पाकिटं मिळतात. कृषी सेवा केंद्रात ‘व्हॅम’ म्हणून मागितलं तरी देतात. ती सगळीच फोल नाहीत, पण डोळे झाकून घेण्याजोगीही नाहीत. २०२२ साली तीन खंडांत अशी व्यापारी उत्पादनं तपासली गेली, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी मुळात बुरशी वसवलीच नाही. पाकिटात जीव आहे, तो उन्हात ठेवलेल्या गोदामात मरतो. २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या ५४ मक्याच्या शेतांत चांगलं विरजण देऊन बघितलं. कुठं वाढ ४० टक्क्यांनी जास्त, तर कुठं १२ टक्क्यांनी कमी. म्हणजे जमिनीनुसार फरक पडतो. म्हणून आधी दोन ओळींत करून बघावं, मग एकरावर खर्च करावा. पाकीट घेतलंच तर तारीख बघावी, बी-रोपाच्या मुळाला लागेल असं द्यावं, आणि वरून डीएपीचा मारा करू नये.

घरी करता येईल असा उपायही सांगतो. मोठ्या कुंडीत निम्मी वाळू, निम्मी हलकी माती घ्या. वर्षानुवर्षं न नांगरलेल्या बांधावरच्या गवताखालची, मुळांसकट ओंजळभर माती त्यात मिसळा. मका किंवा ज्वारी दाट पेरा, खत देऊ नका. तीनेक महिन्यांनी पाणी तोडा, ताटं कापा, आठ-दहा दिवस सुकू द्या. मग मुळं बारीक चिरून त्याच मातीत मिसळा. झालं तुमचं विरजण. रोप लावताना खड्ड्यात मूठभर घाला. काळजी एकच. ज्या रानात सूत्रकृमी किंवा मर रोग आहे तिथली माती घेऊ नका, नाहीतर पाठराखिणीबरोबर चोरही घरात यायचा.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. दखनीत मुळाला ‘जड’ म्हणतात. मराठीत जड म्हणजे वजनदार. लहानपणी या दोन अर्थांत माझा गोंधळ व्हायचा. आता होत नाही.

शब-ए-बरात चांद्र महिन्यानं येते, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते. आता ती थंडीत येते. तेव्हा मोगऱ्याला फूल नसतं. यंदा अम्मीनं आळ्यातल्या सब्जाच्या तुऱ्या तोडून नेल्या. मोगऱ्याच्या सावलीला तो आपोआप उगवला आहे. त्याला मी एकदाही खत घातलेलं नाही.